ठाणे जिल्हा, कुटुंब नियोजनाची पाहणी आणि सदोष डेटा: मॉडेल कुठून सुरू करावं?

अबोली७

ठाणे जिल्ह्यातला पाळणा लांबवण्याच्या साधनांचा वापर आणि अपूर्ण गरज (मूल इतक्यात किंवा आता नकोच, तरी साधन वापरत नाहीत अशा बायकांचं प्रमाण), या दोन गोष्टींचा अंदाज काढायचा आहे. हाताशी दोन डेटा आहेत. एक म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या फाइली, पुढे नुसतं एनएफएचएस म्हणते. दुसरा, एका संस्थेने ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत केलेली घरोघरची पाहणी: दिवा, मुंब्रा, वागळे इस्टेट, माजिवडा-मानपाडा, तुर्भे, दिघा, ऐरोली.

दुसऱ्यात भोकं भरपूर. घोडबंदर रोडच्या टॉवरांतून नकार जास्त. गोळ्या आणि गर्भपात यांच्या प्रश्नांना 'हो' संशय यावा इतकं कमी. साधन किती महिने वापरलं याची उत्तरं सहा आणि बारावर गोळा झालेली. आणि शेवटी आकडे प्रभागनिहाय हवेत. बेझियन मॉडेल, म्हणजे आधीचा अंदाज आणि डेटा मिळून उत्तर काढणारं, लावावं असं मनात आहे. आर ही संख्याशास्त्राची भाषा बऱ्यापैकी येते, स्टॅन या बेझियन मॉडेलच्या सॉफ्टवेअरची तोंडओळख आहे. कुठून सुरुवात करू?

भागाकार

अबोलीताई, स्टॅन नंतर. आधी ठाणे म्हणजे कोणतं ठाणे ते ठरवा.

पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. पण एनएफएचएस-४ (२०१५-१६) ने २०११ च्या जनगणनेतले ६४० जिल्हे धरले. त्यामुळे त्या फेरीतलं ठाणे, संकेतांक ५१७, हे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्यासकट आहे. एनएफएचएस-५ (२०१९-२१) मध्ये ७०७ जिल्हे, त्यात पालघर स्वतंत्र. दोन फॅक्टशीट शेजारी ठेवून "ठाण्यात इतका बदल" असं लिहिलं की त्यातला किती बायकांच्या वागण्यातला आणि किती नकाशातला, हे सांगताच येत नाही.

सरळ उपाय: पाचव्या फेरीतलं ठाणे आणि पालघर एकत्र करा आणि जुन्या ठाण्याशी ताडून बघा. वजन (एक स्त्री किती जणींच्या वतीने मोजायची तो आकडा) म्हणजे फाइलीतला व्ही००५ भागिले दहा लाख, तेच ठेवा. दोन जिल्ह्यांना मनाने निम्मं-निम्मं वजन देऊ नका. उलट दिशेने जायचा मोह होईल, म्हणजे चौथ्या फेरीतले क्लस्टर (नमुन्यात एकत्र निवडलेले वस्तीचे गट) जीपीएसवरून नव्या सीमेत वाटायचे. ते जपून. गोपनीयतेसाठी हे बिंदू मुद्दाम सरकवलेले असतात: शहरी २ किमीपर्यंत, ग्रामीण ५ किमीपर्यंत, आणि ग्रामीणपैकी एक टक्का १० किमीपर्यंत. जिल्ह्याची हद्द ओलांडू देत नाहीत, पण चौथ्या फेरीत ती हद्द जुन्या ठाण्याची. वाडा आणि भिवंडी यांच्या शिवेवरचा क्लस्टर इकडचा तिकडे सहज जाईल.

दुसरं, एका जिल्ह्याच्या आकड्याला किती जोर असतो ते बघा. समजा ८०० विवाहित स्त्रिया, अपूर्ण गरज १० टक्के. एका क्लस्टरमध्ये १७ स्त्रिया आणि क्लस्टरांतर्गत सहसंबंध (एका क्लस्टरातल्या स्त्रियांच्या उत्तरांतलं साम्य) ०.०५ धरला तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे त्या साम्यामुळे प्रसरण (अंदाजातली अनिश्चितता) किती पट होतं ते, १ + १६ × ०.०५ = १.८. प्रमाण त्रुटी १.४ टक्के-अंक, म्हणजे ९५ टक्के खात्रीचा पट्टा ७.२ ते १२.८. दोन फेऱ्यांमधल्या फरकाला ±३.९ अंक. देशात अपूर्ण गरज १२.९ वरून ९.४ वर आली, म्हणजे साडेतीन अंकांची घट. तेवढीच घट एका जिल्ह्यात झाली तर एवढ्या नमुन्याला ती धड दिसणारही नाही.

खाडीपार

भागाकारांशी सहमत. नवी मुंबईचा गुंता राहिला, तो जोडतो.

लोकांच्या बोलण्यातली नवी मुंबई दोन जिल्ह्यांत आहे. दिघा ते बेलापूर ठाणे जिल्हा, महापालिका नवी मुंबईची. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्हा, महापालिका पनवेलची, तीही २०१६ पासून. उलवे रायगडातच, पण पनवेल महापालिकेतही नाही. एनएफएचएसच्या 'ठाणे जिल्हा, शहरी' आकड्याला नवी मुंबई म्हणता येत नाही, आणि तुमच्या पाहणीला 'नवी मुंबई' म्हटलं तर खारघरवाले विचारणारच.

आणि जीपीएसवरून 'आरोग्य केंद्राचं अंतर' हा चल मॉडेलात घालू नका. तुर्भे-कोपरखैरणे पट्ट्यात दोन किमी सरकलेला बिंदू एमआयडीसीत, डोंगराच्या पायथ्याशी किंवा खाडीत पडतो. शहरात प्रत्यक्ष अंतरंच एक-दोन किमीची, म्हणजे चूक मापाएवढीच. गुणांक शून्याकडे ओढला जातो आणि निष्कर्ष निघतो की अंतराने फरक पडत नाही. वापरायचंच असेल तर दोन किमीच्या वर्तुळात किती केंद्रं आहेत, अशी मोजणी त्यातल्या त्यात बरी.

कोलशेतकर

फील्डच्या बाजूने लिहितो, कारण मॉडेलवाले इथे घाई करतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पहिला प्रश्न: घरांची यादी कुठून आली? एनएफएचएस-५ ची चौकट २०११ च्या जनगणनेची. शहरात गणना गट निवडतात, त्यात नव्याने घरयादी करतात, तीनशेच्या वर घरं असतील तर तुकडे पाडतात आणि शेवटी २२ घरं उचलतात. त्यामुळे निवडलेल्या गटात नंतर उभा राहिलेला टॉवर यादीत येतो. गडबड होते ती गट निवडताना, कारण निवडीची शक्यता २०११ च्या आकारावर ठरते. दिव्यात तेव्हाचा शंभर-सव्वाशे घरांचा गट आज काही पट झालेला असू शकतो. वजन ही वाढ भरून काढतं, पण मग अशा थोड्या क्लस्टरांचं वजन अफाट होतं आणि प्रसरण फुगतं. तुमच्या संस्थेने नवी घरयादी केली होती का, की मतदार यादीवरून घरं घेतली? मतदार यादी असेल तर भाड्याने राहणाऱ्या, नुकत्या लग्न होऊन आलेल्या मुली गायब. नेमक्या त्याच पाळणा लांबवणाऱ्या वयाच्या.

दुसरा: घर बंद मिळालं तर शेजारचं घेतलं का? एनएफएचएसमध्ये बदली घर चालत नाही, पुन्हा पुन्हा जायचं. बदली घेतलं की दुपारी घरी सापडणाऱ्या बायकांचंच सर्वेक्षण होतं. ऐरोलीत कंपनीत जाणारी सात-साडेसातच्या आत परतत नाही.

तिसरा: माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे दिव्यातली बाळंतीण चिपळूणला किंवा जळगावला. एनएफएचएस आदल्या रात्री घरात झोपलेल्या सगळ्यांना धरते, म्हणून ती तिथे मोजली जाते. तुमची पाहणी 'नेहमी इथे राहणाऱ्या' बायकांची असेल आणि ती घरी नसल्याने सुटली असेल, तर बाळंतपणानंतरच्या वर्षातल्या बायका कमी पडतील. दोन पाहण्या एका मॉडेलात घालण्याआधी ही व्याख्या जुळवा.

अबोली७

कोलशेतकर, घरयादी नवी होती. बदली घरं घेतलेली नाहीत, तीन खेपा केल्या आहेत आणि प्रत्येक खेपेची वेळ नोंदलेली आहे. नकार दिलेल्या घरांचा इमारतीचा प्रकारही यादीत आहे. व्याख्या मात्र 'नेहमी राहणाऱ्या' अशीच आहे.

कोलशेतकर

मग तुमचा डेटा वाटतो तितका वाईट नाही. इमारतीचा प्रकार आहे हे मोठं घबाड.

नेहमीची पद्धत अशी की क्लस्टरमधला प्रतिसाद ६० टक्के असेल तर सगळ्यांचं वजन ०.६ ने भागायचं. गृहीतक असं की त्या क्लस्टरात उत्तर देणाऱ्या आणि न देणाऱ्या सारख्याच. मानपाड्यात एकाच गटात चाळ आणि टॉवर असतात, तिथे हे साफ चुकतं. चाळीतल्या बायकांचं वजन वाढवून टॉवरची भरपाई होते. त्याऐवजी प्रतिसाद मिळाला की नाही यावर लॉजिस्टिक मॉडेल (हो-नाहीची शक्यता काढणारं) चालवा: इमारतीचा प्रकार, मजला, वॉचमनचं गेट आहे का, प्रभाग, आणि क्लस्टरचा रँडम परिणाम, म्हणजे प्रत्येक क्लस्टरचा आपापला फरक. अंदाजित शक्यतेचे पाच गट पाडा आणि त्या गटात वजन भागा. प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या शक्यतेने भागलं तर एखादीचं वजन दहापट होऊन बसतं.

खेपांचा उपयोग पुढचा. पहिल्या खेपेत सापडलेल्या आणि तिसऱ्या खेपेत, रविवारी किंवा रात्री, सापडलेल्या बायकांचा साधनवापर वेगवेगळा काढा. तिसऱ्या खेपेतल्या वेगळ्या निघाल्या तर न सापडलेल्या त्यांच्यासारख्या धरून एक अंदाज, सरासरीसारख्या धरून दुसरा. दोन्ही छापा. नकार आणि 'घरी नाही' यांची मात्र मिसळ करू नका. घरी नसलेली तिसऱ्या खेपेतलीसारखी असू शकते, दार लावून घेणारी तशी असेलच असं नाही.

भागाकार

वजन आणि गाळलेल्या उत्तरांबद्दल थोडक्यात.

आरमध्ये आधी पूर्ण फाइलीवर सर्व्हे डिझाइन (क्लस्टर, नमुन्याचे स्तर आणि वजन यांची माहिती) बांधा, मग त्यातून विवाहित १५-४९ वेगळ्या काढा. फाइल आधी कापली की काही क्लस्टर गळतात आणि प्रमाण त्रुटी चुकते. एनएफएचएसमध्ये क्लस्टर व्ही०२१. स्तरासाठी व्ही०२२ की व्ही०२३, हे त्या फेरीच्या दस्तऐवजात बघून ठरवा. नवऱ्याची उत्तरं किंवा कौटुंबिक हिंसा लागणार असेल तर ती राज्य मॉड्यूलच्या, म्हणजे राज्यपातळीच्या जादा प्रश्नांच्या, १५ टक्के घरांतच विचारलेली आहेत आणि त्यांची वजनं वेगळी. त्यावरून जिल्ह्याचा आकडा काढायचा विचारही करू नका.

आता अपूर्ण गरज. हा एक प्रश्न नाही. गरोदर आहे का, पाळी परत आली का, मूल हवं का, कधी हवं, शेवटचं मूल तेव्हा हवं होतं का, अशा डझनभर उत्तरांतून २०१२ ची सुधारित व्याख्या तो चल बनवते (फाइलीत व्ही६२६ए). एक उत्तर गळलं की अख्खी बाई गळते. तयार चलाची भर घालू नका. एकेका गळलेल्या उत्तराची माइस या आरच्या पॅकेजने भर घाला, म्हणजे बाकीच्या उत्तरांवरून ते अंदाजाने भरा, आणि व्याख्या प्रत्येक भरलेल्या फाइलीवर नव्याने चालवा. फाइली निदान २०, अपूर्ण नोंदी ३० टक्के असतील तर ३०. भरणाऱ्या मॉडेलात वजनाचा लॉग आणि क्लस्टरची सरासरी हवीच, नाहीतर भरलेली उत्तरं क्लस्टरांतला फरक पुसून टाकतात.

याच व्याख्येत एक चोरवाट आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, पाच वर्षांत मूल नाही आणि साधन कधीच वापरलं नाही, तर बाई 'वंध्य' गटात जाते आणि गरजेच्या हिशोबातून बाहेर पडते. म्हणजे सासू समोर बसली म्हणून जिने माला-एन ही गोळी घेत असल्याचं लपवलं, ती वापरकर्तीतून तर जातेच, अपूर्ण गरजेतही येत नाही. लपवाछपवीने अपूर्ण गरज वाढेल असं सगळे धरून चालतात. दर वेळी तसं होत नाही.

नाचणी

हा मुद्दा फार कमी जण पकडतात, भागाकार सर. मी प्रश्न विचारण्याच्या बाजूने भर घालते.

१. "सध्या मूल होऊ नये म्हणून काही वापरता का?" या प्रश्नाला ऑपरेशन झालेली बाई सरळ "नाही" म्हणते. आठ वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली, आता 'वापरणं' कसलं? एनएफएचएस-५ मध्ये देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि कुठलंही आधुनिक साधन ५६.५ टक्के. तेव्हा या एका "नाही"मुळे सगळा आकडा ढासळतो. नसबंदी आधी स्वतंत्र विचारलेली आहे का, ते तुमच्या प्रश्नावलीत बघा. विचारताना "कसलं ऑपरेशन" हेही हवं. सिझेरियन, पिशवी काढणं आणि नसबंदी, तिन्हींना बायका ऑपरेशनच म्हणतात.

२. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. साडेतीन महिने झाले, घ्यायला जायचंय, अशी बाई वापरकर्ती की नाही? नियम आधी ठरवा. छायाच्या गोळ्या पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, त्यामुळे "काल गोळी घेतली का" हा प्रश्न तिथे निरुपयोगी.

३. मुलाखतीच्या वेळी खोलीत कोण होतं, ही नोंद आहे का? असेल तर ती वापरा, पण सरळ कारण म्हणून नाही. एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही, आणि एका खोलीचं घर स्वतःच साधनवापराशी जोडलेलं आहे. घराच्या खोल्या मॉडेलात ठेवूनच एकांताचा परिणाम बघा.

४. गर्भपात. थेट विचारून खरं उत्तर मिळत नाही, हे जगभर दिसलंय. भारतात २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज आहे, त्यातले बहुतेक दवाखान्याबाहेर गोळ्यांनी. हा आकडा औषधविक्री आणि दवाखान्यांच्या नोंदी जोडून निघाला, बायकांना विचारून नाही.

अबोली७

मग पुढच्या टप्प्यात यादी-प्रयोग करावा का? म्हणजे निम्म्या बायकांना चार साधी विधानं, निम्म्यांना तीच चार अधिक गर्भपाताचं एक, आणि फक्त 'किती लागू' एवढं विचारायचं.

भागाकार

हिशोब करून बघा. चार विधानांच्या बेरजेचं प्रसरण साधारण १ धरा, प्रत्येक गटात ५०० बायका. सरासऱ्यांच्या फरकाची प्रमाण त्रुटी √(१/५०० + १/५००) = ०.०६३, म्हणजे ±१२ अंक. खरं प्रमाण १० टक्के असेल तर उत्तर उणे दोनपासून बावीसपर्यंत कुठेही. दुहेरी यादी केली, म्हणजे दोन वेगळ्या याद्या आणि प्रत्येक गटाला एकीत संवेदनशील विधान, तर प्रसरण निम्म्याच्या आसपास येतं. विधानं अशी निवडा की एक जवळजवळ सगळ्यांना लागू, एक जवळजवळ कुणालाच नाही, आणि उरलेली दोन एकमेकींच्या उलट. चारही लागू झाली की बाई 'पाच' म्हणायला कचरते, आणि गुप्तता तिथेच संपते. प्रभागनिहाय मात्र विसरा.

खाडीपार

आहे त्या डेटावर चुकीच्या वर्गीकरणाची दुरुस्ती लावता येईल ना? (नोंदलेलं प्रमाण अधिक विशिष्टता उणे १) भागिले (संवेदनशीलता अधिक विशिष्टता उणे १). संवेदनशीलता म्हणजे खरं 'हो' असलेल्यांपैकी किती जणी 'हो' म्हणतात, विशिष्टता म्हणजे खरं 'नाही' असलेल्यांपैकी किती जणी 'नाही' म्हणतात.

भागाकार

सूत्र बरोबर, आणि स्टॅनमध्ये तेच जातं: 'हो' येण्याची शक्यता = खरी शक्यता × संवेदनशीलता + (१ − खरी शक्यता) × (१ − विशिष्टता). खऱ्या शक्यतेच्या लॉजिटवर (होण्याची शक्यता भागिले न होण्याची शक्यता, याचा लॉग) वय, मुलं, शिक्षण, प्रभाग, क्लस्टर. लिहायला दहा ओळी.

अडचण अशी की संवेदनशीलता डेटातून निघत नाही, बाहेरून द्यावी लागते. समजा गर्भपात ३ टक्के नोंदला आणि खोटं 'हो' कुणी म्हणत नाही. संवेदनशीलता ०.७ धरली तर ४.३ टक्के, ०.४ धरली तर ७.५. उत्तर तुमच्या प्रायरनेच, म्हणजे आधी धरलेल्या अंदाजानेच, दिलं, सर्वेक्षणाने नव्हे. आणि संवेदनशीलता सगळ्यांना सारखी धरू नका. अविवाहितेची आणि तीन मुलांच्या आईची लपवण्याची कारणं वेगळी.

नाचणी

नवऱ्याची मुलाखत असेल तर दुसरं माप मिळतं की. दोन मापं, दोन भिन्न वस्त्या, आणि संवेदनशीलता आतूनच निघते.

भागाकार

निघते, पण अट अशी की दोघांच्या चुका एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. निरोधच्या बाबतीत एक विसरला, दुसरी विसरली नाही, असं धरता येतं. गर्भपात दोघांनी मिळून लपवलेला असेल तर मॉडेल त्या एकमताला सत्य मानून मोकळं होतं. नसबंदी, तांबी यांना ही पद्धत लावा, गर्भपाताला नको.

कोलशेतकर

आशा सेविकेच्या पात्र जोडपे नोंदवहीशी जुळवणी करायची कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. नसबंदी आणि सरकारी दवाखान्यात बसवलेली तांबी यांना ती चालेल. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, खासगीत केलेलं ऑपरेशन तिथे असेलच असं नाही. टॉवरमध्ये तर नोंदवहीच पोचत नाही. 'वहीत नाही' म्हणजे 'वापरत नाही' धरलंत की संपलं.

मुलाखतकाराचा परिणामही बघा. एनएफएचएसमध्ये मुलाखतकाराचा क्रमांक व्ही०२८, तुमच्याकडेही असेल. रँडम परिणाम म्हणून घाला. पण एका प्रभागात एकच मुलगी फिरली असेल तर प्रभाग आणि मुलगी वेगळे करता येत नाहीत, कितीही भारी मॉडेल लावा. पुढच्या वेळी प्रत्येक क्लस्टरमधली घरं दोघींत चिठ्ठ्या टाकून वाटा. सोबत वयांची तपासणी करा: १४ आणि ५० वर्षांच्या बायका १५ आणि ४९ पेक्षा ठळक जास्त दिसल्या, तर मुलाखत टाळायला वय ढकललेलं आहे. मुलांच्या प्रश्नांची पाच वर्षांची सीमा असेल तर तिच्या अलीकडच्या वर्षात जन्म कमी आणि पलीकडच्यात जास्त, हेही तसंच. मुलाखतकारनिहाय काढलंत की कोण ढकलतंय ते लगेच कळतं.

अबोली७

आणि सहा-बाराच्या ढिगाचं?

भागाकार

साधन सोडण्याचा दर महिनानिहाय काढू नका. ०-३, ४-९, १०-१५ असे गट पाडा, म्हणजे ६ आणि १२ गटाच्या मधोमध पडतात. मग खंडित काळाचं मॉडेल, म्हणजे प्रत्येक गटात साधन सोडण्याची शक्यता काढायची. पण ढीग हा कमी त्रासाचा भाग. जास्त त्रास थोड्या दिवसांच्या निरोधवापराचा, तो आठवणीतूनच जातो.

त्याची तपासणी एनएफएचएसवर करता येते. पाचव्या फेरीच्या कॅलेंडरमध्ये (मागच्या काही वर्षांत कोणत्या महिन्यात कोणतं साधन, याची आठवणीतून केलेली नोंद) २०१५-१६ चे महिने येतात. त्यातून तेव्हाचा वापर काढा आणि चौथ्या फेरीत त्याच वेळी प्रत्यक्ष नोंदलेल्या वापराशी ताडा. वय तेव्हाचं धरायचं, लग्नही तेव्हाचंच, आणि पाचव्या फेरीपर्यंत ४९ ओलांडलेले वयोगट दोन्हींकडून काढायचे. एका जिल्ह्यावर नको, अख्ख्या महाराष्ट्रावर करा. नसबंदी जुळली आणि निरोध-गोळ्या कॅलेंडरमध्ये कमी पडल्या, तर विसरण्याचा अंदाज मिळतो, आणि तोच तुमच्या प्रायरला आधार.

अवांतर: महाराष्ट्रातलं पाचव्या फेरीचं फील्डवर्क २०१९ मध्येच आटोपलं होतं. घट दिसली की लॉकडाउनला बिल फाडणारे बरेच भेटतात.

खाडीपार

प्रभागाचे आकडे राहिले. फे-हेरियट (प्रभागाच्या थेट अंदाजाला मॉडेलचा आधार देणारी पद्धत) की एमआरपी (मॉडेलने गटागटाचा अंदाज काढून तो लोकसंख्येच्या तक्त्यावर बसवणारी)?

भागाकार

एमआरपीला प्रभागनिहाय वय × शिक्षण × विवाह असा तक्ता लागतो. तो २०११ चा, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. दिवा किंवा घणसोलीसाठी तो तक्ता म्हणजे दुसरंच गाव. मी फे-हेरियट घेईन: प्रत्येक प्रभागाचा थेट अंदाज लॉजिटमध्ये, त्याचं डिझाइनसह प्रसरण, आणि मॉडेलात घरयादीतून मिळणारे चल, म्हणजे टॉवरचं प्रमाण, चाळीचं प्रमाण, भाडेकरू. हे तुमच्याकडे ताजे आहेत. थोड्या क्लस्टरांवरून काढलेलं प्रसरण स्वतःच डळमळीत असतं, ते आधी सगळ्या प्रभागांवर मिळून गुळगुळीत करा. शून्य प्रसरण आलं, म्हणजे सगळ्याच "नाही", तर तो प्रभाग मॉडेलात तसाच टाकू नका. मॉडेलला वाटेल की हा आकडा पक्का आहे.

अबोली७

दिघ्यात तीनच क्लस्टर आहेत.

कोलशेतकर

मग दिघा ऐरोलीला जोडा आणि 'दिघा-ऐरोली' असा एकच आकडा द्या, पट्ट्यासकट. महापालिकेत कुणी वेगळा मागितलाच, तर पट्टा मोठ्या टायपात छापा आणि आकडा बारीक.